दानशूर डेव्हिड ससून

आमच्या राहात्याकडील एखादा मनुष्य दुखण्यानें फार खंगला आणि नगरच्या डॉक्टरांनींहि हात टेकले, म्हणजे घरचीं माणसें त्यास पुण्यास ससूनमध्यें नेण्याची भाषा बोलूं लागतात. ससून हें नांव आमच्या कानांस इतकें सरावाचें झालें आहे कीं, तें कोणा मनुष्याचें असेल हें पुष्कळांच्या ध्यानींहि येत नाहीं. ज्या गृहस्थांचें हें नांव, ते पुण्याचे नव्हत, हिंदुस्थानचेहि नव्हत. तैग्रिस नदीच्या तीरावरील बगदाद शहरीं जन्मलेले ते एक यहुदी व्यापारी होते. त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ सालीं झाला. त्यांचे वडील बगदादच्या पाशांचे मुख्य खजिनदार असून तेथील यहुदी समाजाचे पुढारीहि होते. या समाजाची प्रार्थनेची भाषा इब्री. परंतु घरची व बाजारची भाषा अरबी. पोशाखहि त्या देशासारखाच, अंगांत पायघोळ झगा व डोईस पागोटें. अशा संपन्न घरांत डेव्हिड लहानाचे मोठे झाले. पुढें दाऊद पाशाच्या अमदानींत यहुदी लोकांचा छळ होऊं लागला, तेव्हां वाडवडिलांचें वैभव मागें टाकून ते इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरीं पळून गेले. त्यांचे वृद्ध वडील तेथेंच वारले. १८३२ च्या सुमारास डेव्हिड मुंबईस आले. त्या वेळीं त्यांनीं चाळिशी गांठली होती. त्या वयांत परक्या मुलखीं नव्यानें संसार मांडणें सोपें नव्हे. पण ते डगमगले नाहींत.

मुंबईंत त्यांनीं इराणी आखाताशीं व पुढें चीनशीं व्यापार वाढविला. आपल्या आठ मुलांस त्यांनीं या कामीं हाताशीं घेतलें व कांहींस दूरदेशच्या पेढ्यांवर पाठविलें. कापूस व कापड यांबरोबर अफूच्या व्यापारांतूनहि या घराण्यास अपार द्रव्य मिळालें. अफूनें चीन देशांतील असंख्य कुटुंबांची धूळधाण केली, हें आज सर्वांस विदित आहे. म्हणून थोरांचें चरित्र लिहितांना ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

मुंबईंत डेव्हिड यांस आपल्याच धर्माचे, पण अगदीं निराळ्या चालीरीतींचे लोक भेटले. ते कोंकणांतील बेने इस्राएल होत. यांचे पूर्वज फार प्राचीन काळीं अलिबागजवळ नवगांव येथें गलबत फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. खेड्यापाड्यांत ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवीत. त्यामुळें लोक त्यांस शनिवार तेली म्हणूं लागले. दिवेकर, राजपूरकर, केहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं असून, त्यांची मायबोली मराठी आहे. त्यांच्या बायका लुगडें नेसत व गळ्यांत मंगळसूत्र घालीत. यांपैकीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं तर बगदादी मंडळी येण्याच्या पुष्कळ आधीं, १७९६ सालीं, मुंबईंत प्रार्थनामंदिर बांधलें होतें. तिकडे कोचीनचे यहुदी मल्याळी बोलत, पोलंडकडील यहुदी यिद्दिश बोलत. शास्त्र एक, शब्बाथ एक. परंतु भाषा, अन्न व वेष ज्या त्या देशाचे!

एवढें साम्य असूनहि बगदादी मंडळी बेने इस्राएलांस आपल्या बरोबरीचे लेखीत नसे. दोन्ही समाजांत पुष्कळ काळ अंतर राहिलें, ही खेदाची गोष्ट होय. तथापि डेव्हिड यांनीं मुलांसाठीं जी शाळा काढली, तिच्या मुख्याध्यापकाच्या जागीं १८६१ सालीं जोसेफ इझिकेल राजपूरकर हे बेने इस्राएल गृहस्थ आले. इब्री प्रार्थना मराठींत आणण्याचें मोठें कार्य याच विद्वानांनीं केलें. बगदादचीं मुलें कोंकणच्या पंतोजींपुढें बसून शिकूं लागलीं. जें मोठ्यांस साधलें नाहीं, तें शाळेच्या त्या खोलींत थोडेंबहुत साधलें.

डेव्हिड यांस इंग्रजी कधींच अवगत झाली नाहीं. १८५३ सालीं ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हांहि त्यांनीं आपली सही इब्री अक्षरांतच केली. मुलांनीं मात्र विलायती वेष पत्करला. थोरल्या अब्दुल्लानें आल्बर्ट हें नांव घेतलें. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालीं त्यानेंच बांधविला. पिता अखेरपर्यंत बगदादी झग्यांतच वावरला, आणि मुंबईच्या ससून वाचनालयांतील त्यांचा पुतळाहि त्याच वेषांत आहे.

मिळविलेल्या धनांतून त्यांनीं सढळ हातें दान केलें. भायखळ्याचें प्रार्थनामंदिर त्यांनीं बांधविलें. पुण्याच्या रुग्णालयासहि मोठी देणगी दिली. परंतु तें उभें राहिलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ७ नोव्हेंबर १८६४ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. रुग्णालय १८६७ सालीं पुरें झालें. पुण्यांत लोक ज्यास लाल देऊळ म्हणतात, त्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या आवारांत त्यांची समाधि आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गांतहि कोणी घरीं एक भाषा बोलतो, कोणी दुसरी. कोणाचा सण निराळा, कोणाचें जेवण निराळें. एका धर्माच्या लोकांतहि किती भेद असतात व ते पाहून माणसें एकमेकांस कशीं दूर लोटतात, हें या चरित्रावरून दिसून येतें. डेव्हिड ससून यांच्या हयातींत तें अंतर पुरतें मिटलें नाहीं. पण त्यांच्या दानानें उभ्या राहिलेल्या रुग्णालयांत यहुदी, हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती सारेच एका रांगेंत औषधासाठीं उभे राहतात. आपल्यापैकीं कोणी पुण्यास गेल्यास, त्यानें त्या इमारतीवरील नांव क्षणभर थांबून वाचावें, आणि बगदादहून परागंदा झालेल्या त्या मनुष्याचें स्मरण करावें.