किलाउएआच्या काठावर कापिओलानी

शब्बाथशाळेत एलीया व कर्मेल डोंगराची गोष्ट शिकविताना आम्ही आणखी एका डोंगराचे नाव घेतो. तो हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखी, आणि त्याच्या मुखाशी उभी राहिलेली ती कापिओलानी. (पुढे याच नावाची एक राणी होऊन गेली, ती वेगळी.)

तिचा जन्म १७८१ च्या सुमाराचा. वडील केआवेमाउहिली हिलोचे थोर सरदार. बेटावरील लढायांत ते मारले गेले. त्या काळी 'कापू' म्हणजे निषिद्धाचे नियम फार कडक होते. स्त्रियांना केळे, नारळ, डुकराचे मांस वर्ज्य. कापिओलानीने मुलपणी चोरून केळे खाल्ले. कुळ मोठे म्हणून ती वाचली; तिच्या सेवेतील एका मुलाला मात्र त्यापायी जीव गमवावा लागला.

कापू १८१९ साली खुद्द राजघराण्यानेच मोडला. मिशनरी आले ते १८२० मध्ये. त्यांना धाडणाऱ्या अमेरिकन बोर्डाचीच माणसे १८१३ पासून मुंबईत सुवार्तेचे काम करीत होती, हे आपल्या मंडळ्यांनी ध्यानात ठेवावे.

कापिओलानी तेव्हा दारू पीत असे, आणि तिला पती एकाहून अधिक होते. वचन ऐकल्यावर तिने दारू सोडली व एकट्या नाइहेशी संसार ठेवला. नाइहे हा काआवालोआचा सरदार, नामांकित वक्ता. दोघांनी आपल्या गावी मिशनऱ्यांना जागा दिली.

जुने देव गेले तरी अग्निदेवी पेलेची धास्ती गेली नव्हती. डिसेंबर १८२४ मध्ये कापिओलानी किलाउएआकडे पायी निघाली. नवऱ्यासकट पुष्कळांनी अडविले. वाटेत पेलेची एक पुजारीण आडवी आली व देवीचा लेख दाखवू लागली. कापिओलानीने आपली छापील पुस्तके पुढे केली. ओहेलोची रानफळे पेलेला वाहिल्यावाचून कोणी खात नसे. तिने ती तशीच खाल्ली. मग सोबतच्या मंडळीसह विवरात उतरून तिने खाली दगड टाकले. पेलेच्या दारी याहून मोठा अपराध नव्हता. तेथेच प्रार्थना झाली, गीत गाइले गेले, आणि सारे सुखरूप वर आले. तिला भेटण्यास हिलोहून गुडरिच नावाचे मिशनरी चालत आले होते.

त्या दिवशी पेलेची भक्ती बंद पडली असे काही उपदेशक सांगतात. तसे झाले नाही. ती पुढेही टिकली. परंतु पाहणाऱ्या पुष्कळांची भीती मोडली, आणि आम्हास तेवढे पुरे वाटते.

१८२५ साली तिचा बाप्तिस्मा झाला. नाइहे १८३१ मध्ये वारला. पुढे तिला स्तनाचा कर्करोग जडला. १८४१ मध्ये होनोलुलूत डॉक्टर जड यांनी शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचे औषध तोवर निघाले नव्हते. तिने ते सारे शुद्धीवर राहून सोसले. जखम भरत आली होती, पण दुसऱ्याच दुखण्याने ५ मे १८४१ रोजी तिला देवाज्ञा झाली.