गाडगेबाबा : दुसऱ्यांसाठी बांधलेले घर

नाशिकमध्ये गोदावरीवरचा गाडगे महाराज पूल आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्यांचे नाव या पुलाला आहे, त्या थोर सेवकाची आज आपण ओळख करून घेऊ या.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यात, एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेले व लवकर वारले. डेबूजी आईबरोबर मामांकडे वाढले. तेथे त्यांनी गुरे राखली, शेतात राबले. पण मामांचे शेतही सावकाराच्या कर्जात सापडले. दारू, कर्ज आणि निरक्षरता घराला कसे दरिद्री करतात, हे त्यांनी लहानपणीच पाहिले.

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे घेऊन ते गावोगाव फिरू लागले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत व त्यांच्याकडूनच उत्तरे काढून घेत. कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, शिवाशिव पाळू नका, आणि घरातली भांडी विकावी लागली तरी मुलांना शाळेत पाठवा, हाच त्यांचा उपदेश असे. स्वतः त्यांना अक्षरओळख नव्हती.

लोक विश्वासाने पैसे देत. त्या पैशांतून पंढरपूर, आळंदी, देहू आणि आपल्या नाशिकमध्ये धर्मशाळा उभ्या राहिल्या. यात्रेला आलेल्या गरिबाला डोक्यावर छप्पर मिळाले. बाबांनी वसतिगृहे आणि शाळांनाही हातभार लावला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

लाखो रुपये बाबांच्या शब्दावर जमा झाले, पण ते स्वतः घरोघर मागितलेली भाकरीच खात. या संस्थांवर आपल्या नातेवाइकांचा हक्क चालणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. एकुलता एक मुलगा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. 1952 साली कामाची व्यवस्था पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. मुंबईत दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावहून उपचारासाठी आलेल्या कर्करोग्यांना आसरा देते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील 25 वा अध्याय आपल्याला ठाऊक आहे. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा आणि आजाऱ्याची भेट, यांवर प्रभू येशू आपला न्याय करणार आहे. गाडगेबाबांनी सांगितलेल्या सेवाधर्मातही अन्न, पाणी, वस्त्र, आसरा आणि औषध आहेच. त्यांनी त्यात आणखी दोन गोष्टी आवर्जून घातल्या : गरिबांच्या मुलांना शिक्षण आणि बेकारांना काम. अन्नाने आजची भूक भागते. पण उद्या पुन्हा हात पसरावा लागू नये, यासाठी शाळा आणि रोजगार हवा.

आज सेवाभावी संस्था पुष्कळ आहेत. चर्चच्या संस्था आहेत, इतरांच्याही आहेत. त्यांना मदत देताना आणि त्यांत काम करताना आपण दोन प्रश्न विचारू या. आलेला पैसा गरिबापर्यंत पोहोचतो का? आणि ज्याला आपण गेल्या वर्षी मदत केली, तो यंदा स्वतःच्या पायावर उभा आहे का? आपल्या शेजारच्या एका मुलाची फी आपण भरली, किंवा घरच्या लग्नाचा खर्च कमी करून कर्ज टाळले, तरी बाबांच्या कामाला आपला हातभार लागेल.