डॉक बॉग्ज : खाण आणि बँजो



कलावंताचे चरित्र वाचताना आपले लक्ष बहुधा त्याच्या यशाच्या वर्षांकडे असते. डॉक बॉग्ज यांचे चरित्र मात्र त्यांच्या मौनाच्या वर्षांसह वाचावे लागते.

प्रथम त्यांच्या संगीताची पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेचियन डोंगराळ प्रदेशात फिडल आणि बँजो ही लोकसंगीताची प्रमुख वाद्ये होत. फिडल म्हणजे लोकपद्धतीने वाजवले जाणारे व्हायोलिन. ते युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर आले. बँजोचे मूळ आफ्रिकेतले. गुलाम करून आणलेल्या माणसांनी त्याची परंपरा अमेरिकेत रुजवली. एका प्रदेशाचे म्हणून ओळखले जाणारे हे संगीत अशा प्रकारे दोन परंपरांच्या मीलनातून घडले आहे.

बॉग्ज यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 रोजी व्हर्जिनिया राज्यातील नॉर्टनजवळ झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. गावातील एका डॉक्टरांच्या नावावरून त्यांचे मोरान हे नाव ठेवण्यात आले. डॉक हे टोपणनावही त्यामुळेच पडले. रेल्वे आणि कोळसा खाणी यांनी त्या काळी या डोंगरी जीवनाचे रूप पालटून टाकले होते. वयाच्या बाराव्या वर्षी बॉग्जही खाणीत कामाला लागले.

त्यांच्या वादनाचे वेगळेपण समजून घ्या. त्या भागात बँजोच्या तारांवर नखाने वरून खाली आघात करण्याची रीत रूढ होती. बॉग्ज यांनी कृष्णवर्णीय वादकांना बोटांनी तारा छेडताना पाहिले आणि ती पद्धत आत्मसात केली. त्यामुळे गाण्याची सुरावट बँजोवर स्वरागणिक उमटू लागली आणि त्यांच्या रुक्ष, करुण आवाजाला ती साथ करू लागली. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गीतप्रकाराचा त्यांच्यावरील प्रभाव येथे स्पष्ट दिसतो.

1927 साली ब्रन्सविक या कंपनीने नॉर्टन येथे कलावंतांची चाचणी घेतली. बॉग्ज निवडले गेले आणि न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. खाणीतून कायमचे बाहेर पडण्याची आशा त्यांना वाटू लागली. 1929 साली एका छोट्या कंपनीसाठी त्यांनी आणखी चार गाणी गायली. पण त्याच सुमारास महामंदी आली आणि तबकड्यांचा बाजार कोसळला. शिवाय, त्यांच्या धर्मनिष्ठ पत्नी सारा यांना हे संगीत आणि त्याभोवतीचे मद्यपानाचे वातावरण मान्य नव्हते. अखेर बॉग्ज यांनी बँजो हातावेगळा केला. पुढे सुमारे पंचवीस वर्षे ते वादनापासून दूर राहिले आणि 1954 साली खाणीतून निवृत्त झाले.

त्यांच्या तबकड्यांचा प्रवास मात्र थांबला नव्हता. 1952 साली हॅरी स्मिथ यांनी संपादित केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या संग्रहात बॉग्ज यांच्या दोन गाण्यांचा समावेश झाला. ती ऐकून शहरांतील तरुण पिढी भारावली. 1963 साली संगीतकार माईक सीगर यांनी नॉर्टन परिसरात त्यांचा शोध घेतला. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायले. पुढे फोकवेज संस्थेने त्यांची नवी ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली. तरीही श्रद्धा आणि संगीत यांतील ओढाताण त्यांच्या मनातून गेली नाही. 7 फेब्रुवारी 1971 रोजी, त्र्याहत्तराव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

या जीवनक्रमाचे तात्पर्य काय? खाणीतील दीर्घ श्रम एका बाजूला आणि तरुणपणी मुद्रित झालेली अवघी बारा गाणी दुसऱ्या बाजूला, असा हा हिशेब आहे. त्या बारा गाण्यांमुळे ते आपल्यापर्यंत पोचले. परंतु लोकपरंपरेत असेही अनेक कलावंत होऊन गेले, ज्यांच्या वाट्याला एकही तबकडी आली नाही. लोककलावंताचे चरित्र अभ्यासताना जे टिकले त्याबरोबरच जे गप्प झाले त्याचाही विचार करा. त्यांना कोणी गप्प केले, हा प्रश्न स्वतःला विचारा : दारिद्र्याने, समाजाने, की त्यांच्याच श्रद्धेने? बॉग्ज यांच्या बाबतीत या तिन्ही कारणांचा विचार करावा लागतो.