जामसाहेब दिग्विजयसिंहजी : निर्वासित लेकरांचे बापू



दुसऱ्या महायुद्धात पोलंडची हजारो कुटुंबं सोव्हिएत रशियात हद्दपार झाली. कित्येक मुलं तिथं पोरकी झाली. 1942 मध्ये अशी शेकडो मुलं भारतात आली, तेव्हा नवानगरचे (आजचं जामनगर) महाराज दिग्विजयसिंहजी पुढं आले.

1895 साली जन्मलेले हे राजे क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे पुतणे. 1933 मध्ये ते गादीवर बसले. बालाचडीला समुद्रकाठी त्यांनी मुलांसाठी छावणी उभारली. मुलं त्यांना बापू म्हणत. मुलांची शाळा पोलिश भाषेत, शिक्षक पोलिश, झेंडाही पोलंडचाच! परक्या मुलखात लेकरांची भाषा त्यांनी जपू दिली.

1946 मध्ये छावणी बंद झाल्यावर बरीच मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आली. 1966 मध्ये जामसाहेब वारले. वॉर्सात आज त्यांच्या आठवणीचा चौक आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची लेकरंही दरवर्षी आईबापामागं परमुलखात कारखान्यावर जातात. तेव्हा असं नवं लेकरू वर्गात आलं, की आधी त्याची बोली ऐका. पुस्तक मग उघडा.