ह्यूई न्यूटन : दोन खुर्च्या

वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला एक काळा तरुण. डोक्यावर तिरपी टोपी, अंगात चामडी जाकीट, एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात भाला. १९६७ सालचे हे छायाचित्र अमेरिकेतील काळ्या वस्त्यांतून भिंतीभिंतीवर लागले. तो तरुण म्हणजे ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचा एक संस्थापक, ह्यूई न्यूटन. याच पक्षापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली. तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

दुसरी खुर्ची मी पाहिली ती ‘अ ह्यूई पी. न्यूटन स्टोरी’ या २००१ सालच्या चित्रपटात. रॉजर ग्वेनव्हर स्मिथ या नटाचा एकपात्री प्रयोग स्पाइक ली यांनी प्रेक्षकांसमक्ष चित्रित केला आहे. आपल्याकडच्या एकपात्रीत एकच नट अनेक पात्रे उभी करतो; येथे तो एकाच माणसाच्या मनात उतरत जातो. बराच वेळ तो खुर्चीतच असतो. सिगारेटमागून सिगारेट पेटते, पाय सारखा हलत राहतो, बोलणे मध्येच तुटते. भिंतीवरच्या चित्रातला तो वीर हाच का, असा प्रश्न पडतो. मला वाटते, न्यूटनच्या आयुष्याची सारी शोकांतिका या प्रश्नात आहे.

न्यूटनचा जन्म १७ फेब्रुवारी १९४२ रोजी लुईझियाना राज्यातील मन्रो येथे झाला. सात भावंडांत तो धाकटा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला आले. शाळा संपली तरी त्याला धड वाचता येत नव्हते. मग प्लेटोचा ग्रंथ समोर ठेवून तो हट्टाने वाचायला शिकला. मेरिट कॉलेजात त्याला बॉबी सील भेटला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये दोघांनी पक्ष स्थापन केला. काम, घर, शिक्षण आणि न्याय मागणारा १० कलमी कार्यक्रम त्यांनी लिहिला. उघडपणे शस्त्र बाळगणे तेव्हा तेथे कायदेशीर होते. पोलीस काळ्यांना अडवीत, तेव्हा हे तरुण बंदूक आणि कायद्याचे पुस्तक घेऊन अंतरावर उभे राहत. १९६७ मध्ये राज्याने तो कायदाच बदलला.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला पहाटे झालेल्या चकमकीत एक पोलीस ठार झाला आणि न्यूटनच्या पोटात गोळी लागली. १९६८ मध्ये त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. त्याच्या सुटकेसाठी देशभर मोर्चे निघाले. तो कोठडीत आणि त्याचे चित्र रस्त्यावर, अशी जवळजवळ तीन वर्षे गेली. अपिलात शिक्षा रद्द होऊन ऑगस्ट १९७० मध्ये तो बाहेर आला, तेव्हा लोकांना गर्जना करणारा वक्ता हवा होता. त्याचा आवाज मात्र बारीक, भाषा तात्त्विक आणि व्यासपीठाची त्याला धास्ती. स्मिथच्या अभिनयाने हे अवघडलेपण नेमके पकडले आहे.

मधल्या काळात पक्षाचे खरे काम वाढत होते. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये गरीब मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू झाली. पुढे दवाखाने आणि शाळाही निघाल्या. हे काम करणाऱ्यांत कितीतरी तरुण स्त्रिया होत्या. त्यांची चित्रे भिंतींवर लागली नाहीत. दुसरीकडे एफ्. बी. आय्. ने पक्षात खबरे घुसवले आणि खोटी पत्रे पाठवून फूट पाडली. ४ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला पहाटे घरात घुसून ठार केले. तो अवघा २१ वर्षांचा होता.

पण सगळा दोष सरकारवर टाकून भागत नाही. १९७४ मध्ये १७ वर्षांच्या एका मुलीच्या खुनाचा आरोप न्यूटनवर आला आणि तो क्यूबाला गेला. १९७७ मध्ये परतल्यावर खटला चालला; दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि आरोप मागे घेतला गेला. पण त्या मुलीला न्याय मिळाला नाही तो नाहीच. १९८० मध्ये पक्षावरील सरकारी दडपशाहीवर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याच काळात मादक द्रव्यांनी त्याला ग्रासले होते. १९८२ मध्ये पक्ष संपला. २२ ऑगस्ट १९८९ रोजी ओकलंडच्याच रस्त्यावर एका तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता.

त्याला हुतात्मा म्हणावे की गुन्हेगार? दोन्ही शब्द मला अपुरे वाटतात. चळवळ एका माणसाचे चित्र पुढे करते, तेव्हा त्याला प्रश्न विचारणे अवघड होऊन बसते आणि त्याची किंमत इतरांना मोजावी लागते. न्याहारी वाढणारे हात त्या चित्रामागे झाकले गेले आणि त्या मुलीचे मरणही. आपल्या वाङ्मय मंडळाने हा चित्रपट एकदा दाखवावा आणि नंतर प्राध्यापकांनी व आपण मिळून मोकळेपणाने चर्चा करावी, एवढीच माझी सूचना आहे.