रमाबाई रानडे आणि प्रौढ स्त्रियांची शाळा

काही वर्षांपूर्वी, 2012 साली, दूरदर्शन संचावर रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, तेव्हा आपल्या पैकी बहुतेकींनी ती आवडीने पाहिली असेल. परकर नेसलेली, पाटी हातात धरून बसलेली लहानगी यमुना सर्वांच्या ओळखीची झाली. परंतु त्या पाटीचे पुढे काय झाले, नवऱ्याच्या पश्चात रमाबाईंनी काय उभे केले, हे विचारले तर पुष्कळ जणी थबकतात. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्या उत्तरार्धाविषयीच मुख्यत्वे लिहावे असे वाटले.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. घराणे प्रतिष्ठित, पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत घरात नव्हती. 1873 साली, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती, ते तिशी ओलांडलेले होते आणि विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते. मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न लावून दिले. रानडे वडिलांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. ती टीका अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. मात्र लग्न झाले त्याच रात्री त्यांनी या अकरा वर्षांच्या मुलीला लिहिता-वाचता येते काय असे विचारले आणि पाटीवर अक्षरे काढून शिकवण्यास आरंभ केला.

सासरी घर भरलेले. नणंद, सासूच्या वयाच्या आणि नात्याने जवळच्या-लांबच्या बायका, आणि त्या सर्वांच्या मते बायकोने पुस्तक हाती धरणे म्हणजे थोरामोठ्यांचा अवमान. टोमणे, अबोला, कामातून काढलेली उणी, सारे काही झाले. माहेरून निघताना वडिलांनी बजावले होते की घरातल्या कुरबुरी नवऱ्याच्या कानावर कधी घालू नकोस. रमाबाईंनी ते कसोशीने पाळले. पुढे इंग्रजी शिकवण्यासाठी एक मडम घरी येऊ लागली, तेव्हा तिला शिवल्यावर अंघोळ केल्याखेरीज घरात वावरायचे नाही असा दंडक पडला. धडाही चुकवायचा नाही आणि अंघोळही चुकवायची नाही, असे त्यांचे कित्येक दिवस चालले. आज आपल्याला हसू येते, पण एकाच घरात दोन जगांची मर्जी सांभाळणे काय असते हे सुनेच्या भूमिकेतून गेलेल्या भगिनींना निराळे सांगायला नको.

रानडे यांची बदली नाशिकला झाली होती तेव्हा तेथील हायस्कुलात पाहुण्या म्हणून रमाबाई प्रथम लोकांसमोर उभ्या राहिल्या. भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. पुण्यात परतल्यावर पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात त्या जाऊ लागल्या, आणि मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालली असता गव्हर्नरसाहेबांपुढे त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. ती शाळा, आपली हुजूरपागा, 1884 साली सुरू झाली. घरी आल्यावर त्या दिवशी त्यांचे जे स्वागत झाले त्याची कल्पनाच केलेली बरी!

16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. जवळजवळ वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे त्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या, सणावारी त्यांना गोडधोड नेऊ लागल्या. इस्पितळातील रोग्यांसाठी फळे-फुले घेऊन जात. 1904 साली मुंबईस भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांना देण्यात आले. 1910 साली त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे, आणि मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मकथनांत ते आजही वरच्या मानाचे गणले जाते. त्यात नवऱ्याचे मोठेपण पानोपानी आहे, स्वतःचे मात्र ओझरते. मला ते वाचताना नेहमी थोडी हळहळ वाटते.

आता सेवासदनाकडे वळू. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या कल्पनेतून 1908 साली मुंबईत सेवासदन निघाले आणि त्यांनी रमाबाईंचे साह्य मागितले. लगोलग 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, ते रमाबाईंच्या राहत्या घरातच. व्यवस्थेची बाजू भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी उचलली. रमाबाईंचा शब्द आणि देवधरांचे कष्ट या जोडीवर संस्था वाढली.

या शाळेचे वैशिष्ट्य असे की ती लहान मुलींसाठी नव्हती. पुण्यात मुलींच्या शिक्षणाला आरंभ होऊन तोवर साठ वर्षे उलटली होती. सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्येच ती वाट पाडली होती. अण्णासाहेब कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम हिंगण्यास चालू होता. पण जिचे लग्न नवव्या-दहाव्या वर्षी झाले आणि शाळा तेथेच संपली, किंवा कधी सुरूच झाली नाही, अशी पंचवीस-तीस वर्षांची बाई कोठे जाणार? लहान मुलींच्या बाकावर तिला बसवत नाही, आणि नवरा हयात असेल तर विधवांच्या आश्रमाशी तिचा संबंध नाही. अशा बायकांसाठी दुपारचे वर्ग काढण्यात आले. घरातले जेवणखाण आटोपल्यावर आणि संध्याकाळच्या स्वयंपाकापूर्वी जी दोन-तीन तासांची सवड मिळते ती हेरून. वाचन, लेखन, हिशेब, शिवणकाम, प्रथमोपचार असे विषय. आपल्या मंडळाचा शिवणवर्गही दुपारीच का भरतो, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे!

हळूहळू अक्षरओळखीच्या पुढची पायरी आली. विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांना नुसते वाचता येऊन भागणार नव्हते. त्यांना पोटापुरते मिळवता आले पाहिजे होते. म्हणून शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. परिचारिकांचे शिक्षण ससून रुग्णालयात देण्याची व्यवस्था झाली. वैद्यकी शिकणाऱ्या मुलींसाठी आणि परिचारिकांसाठी वसतिगृहे झाली.

या साऱ्यात परिचारिकांचे काम सर्वांत अवघड गेले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची. चांगल्या घरची बाई हे करते म्हटल्यावर समाजाने नाक मुरडले. पैसे देऊन किंवा नियम करून हे मत बदलणारे नव्हते. रमाबाईंनी येथे आपल्या नावाची पत पणाला लावली. रानडे यांच्या पत्नी, स्वतः सोवळेओवळे जाणणाऱ्या, देवधर्म करणाऱ्या. त्या मुलीची जबाबदारी घेतात म्हटल्यावर बाप किंवा भाऊ तिला पाठवण्यास राजी होत. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत त्या स्वतः स्वयंसेविकांना घेऊन जात आणि वारकरी बायकांची शुश्रूषा करवीत. देवाच्या दारी केलेल्या सेवेला कोण नावे ठेवणार? हे त्यांचे शहाणपण मला फार मोलाचे वाटते.

एका बक्षीस समारंभातला प्रसंग सांगण्यासारखा आहे. केशवपन झालेली, डोईवरून पदर घेतलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या त्या संतापानेच. ज्यांना अशा अभागी स्त्रीबद्दल कणव वाटत नाही त्यांना शिकलेले कसे म्हणावे, आणि तुमच्या घरी अशी एखादी बहीण किंवा आत्या नाही काय, असे त्यांनी त्या मुलांना सुनावले. सभागृह चिडीचूप झाले.

आरंभीच्या काळात संस्थेत येणाऱ्या स्त्रिया मुख्यतः पांढरपेशा घरांतल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. मोलमजुरी करणाऱ्या बाईला दुपारची सवड नसते. पण रमाबाईंची दृष्टी आपल्या वर्गापुरती नव्हती. 1920 च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला आणि पैसा पुरत नाही म्हणून ती सक्ती तूर्त मुलांपुरतीच ठेवावी असे बलवान मत निघाले, तेव्हा साठीला टेकलेल्या रमाबाई पुण्यातील स्त्रियांना घेऊन चळवळीत उतरल्या. मुलींना वगळून सक्ती नको, हे त्यांचे म्हणणे होते. पाठोपाठ मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्यांनी खटपट केली.

1924 साली रमाबाईंचे देहावसान झाले. त्या वेळी पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. जन्मशताब्दीच्या वर्षी, 1962 मध्ये, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.