मियामोतो मुसाशी : जिंकल्यावरही शिकत राहिलेला तलवारबाज

सामुराई म्हणजे जपानमधले तलवार बाळगणारे योद्धे. त्यांच्यातल्या दोन नामवंत तलवारबाजांच्या लढतीवर १९५६ साली दिग्दर्शक हिरोशी इनागाकी यांचा एक चित्रपट आला. मुसाशीच्या आयुष्यावरच्या तीन चित्रपटांपैकी हा शेवटचा. त्यात तोशिरो मिफुने मुसाशी झाले आहेत, तर कोजी त्सुरुता त्याचा प्रतिस्पर्धी सासाकी कोजिरो. लढत झाली की चित्रपट संपतो. खऱ्या मुसाशीचं आयुष्य मात्र तिथं संपलं नाही.

मुसाशीचा जन्म साधारण १५८४ चा. पहिली लढत त्याने जिंकली तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. पुढे गावोगाव फिरत तो लढत राहिला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की, एकोणतिशीपर्यंत साठाहून जास्त लढती झाल्या आणि तो एकदाही हरला नाही.

कोजिरोशी त्याची गाठ १६१२ मध्ये एका छोट्या बेटावर पडली. कोजिरोची तलवार नेहमीपेक्षा लांब होती. मुसाशीने होडीचं वल्हं तासून लाकडी तलवार केली, अशी कथा सांगतात. कोजिरो त्या लढतीत मारला गेला. गंमत बघा, ते बेट आज गान्र्यूजिमा म्हणून ओळखलं जातं. हे नाव हरलेल्या कोजिरोच्या तलवारविद्येवरून पडलं!

तिशी उलटल्यावर मुसाशीने मागे वळून पाहिलं. आपण जिंकलो ते विद्या पूर्ण समजली म्हणून, की अंगात उपजत गुण होता म्हणून, की समोरचेच कमी पडले म्हणून? हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला. इतकी नावाजलेली व्यक्ती असं विचारते, हे सोपं नाही. मग तो पुन्हा सकाळ-संध्याकाळ सरावाला लागला. आपल्याला विद्येचं मर्म कळलं ते पन्नाशीच्या सुमारास, असं त्याने लिहिलंय. म्हणजे साठ विजयांनंतर आणखी वीस वर्षं!

या माणसाने हातात कुंचलाही धरला. वाळक्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याचं त्याचं शाईचित्र आजही नावाजलं जातं. १६४० मध्ये कुमामोतोचे सरदार होसोकावा तादातोशी यांनी त्याला आश्रय दिला. तिथल्या रेइगान्दो गुहेत १६४३ मध्ये तो 'गोरिन नो शो' हा ग्रंथ लिहायला बसला. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि शून्य असे त्याचे पाच भाग. आपल्याला पंचमहाभूतंच आठवतात. १६४५ मध्ये मुसाशी वारला.

आपल्या वर्गात पहिलं येणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. त्याला नीट समजलंय की नुसतं पाठ आहे, हे विचारायचं राहून जातं. यापुढे पूर्ण गुण मिळवणाऱ्यालाही जवळ बसवून, हे उत्तर कसं आलं ते सांग बरं, असं विचारून बघा. त्याचं शिक्षण कदाचित तिथूनच सुरू होईल.